उन्हात पाचव्या फेरीला बंद पडणारी घरगुती रेस कार: दोष कसा पकडावा

भंगारातून मारुती ८०० उचलायची, तिची दारे, काचा आणि आसने उतरवायची, आत पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि मातीच्या मैदानावर पळवायची, अशा रीतीने कमी पैशांत रेस कार तयार करणाऱ्यांकडून एक तक्रार जवळपास एकाच शब्दांत ऐकू येते. गाडी सकाळ-संध्याकाळ उत्तम चालते; भर दुपारी मात्र चार-पाच फेऱ्या झाल्या की तिची उचल जाते, ती झटके देऊ लागते आणि शेवटी बंद पडते. स्टार्टर कितीही मारला तरी दाद देत नाही. मग वीस-पंचवीस मिनिटांनी, कोणी काहीही केलेले नसताना, ती पहिल्याच स्टार्टरला चालू होते आणि पुन्हा तेवढ्याच फेऱ्यांनंतर बंद पडते.

आमची गाडी जालन्याची. कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची) जुनी मारुती, ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, किंमत बावीस हजार रुपये. अंबड रस्त्याकडे एका मित्राचा पडीक मुरमाड माळ आहे, तेथे आम्ही ती पळवतो. एप्रिल आणि मे हे दोन्ही महिने वर सांगितलेल्या दोषाने खाल्ले. त्या काळात आम्ही प्लग बदलले, त्यांना ठिणगी पुरवणारे पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, इग्निशन कॉइल नवी घातली, एसी पंपही (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) नवा घातला. या सगळ्यावर चार हजारांहून अधिक रुपये गेले, आणि प्रत्येक वेळी दोष गेल्याची खात्री पटून आम्ही निवांत झोपलो, कारण प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी खरोखरच चांगली चालली होती.

ती चांगली का चालली, हे उशिरा लक्षात आले. आम्ही सगळे नोकरदार, त्यामुळे दुरुस्ती संध्याकाळी सहानंतर होत असे आणि चाचणीही तेव्हाच. बेचाळीस अंशांना होणारा दोष तिशी-बत्तिशीच्या हवेत शोधला, तर सापडणार कसा? दुसरी फसगत याहून नाजूक होती. माळावर गाडी बंद पडली की प्लग काढणे, कॉइल बदलणे, पंप उघडून पाहणे अशा कोणत्याही कामाला पंधरा-वीस मिनिटे लागतातच, आणि तेवढ्या वेळात गाडी आपोआप चालू होण्याच्या स्थितीत आलेली असते. श्रेय मात्र हातातल्या नव्या भागाला मिळते. म्हणून या दोषाचा माग काढताना पहिल्यांदा काहीही न करता स्वस्थ बसावे आणि गाडी आपोआप चालू व्हायला किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून पाहावे. आमच्या गाडीला बावीस मिनिटे लागत होती. त्याहून खूपच कमी वेळात, म्हणजे तीन-चार मिनिटांत, ज्या कृतीने गाडी चालू होईल, तीच कृती दोषाशी संबंधित आहे. बाकी सगळे देवाला नारळ फोडण्यासारखे.

बंद पडल्यानंतरची पहिली तीन मिनिटे

गाडी बंद पडताच स्टार्टर मारत बसू नये. त्याने बॅटरी उतरते आणि पुरावाही नाहीसा होतो. प्रथम एवढेच ठरवायचे असते की पेट्रोल तुटले आहे की ठिणगी. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण उचलावे, कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत पाहावे आणि हाताने ॲक्सिलरेटरची तार एकदा ओढावी. आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या आतल्या छोट्या टाकीत, पेट्रोल आहे आणि संशय ठिणगीवर घ्यावा. चिळकांडी उडाली नाही, किंवा थोडी फुसफुसून थांबली, तर पेट्रोल पोहोचत नाही. ज्या कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरला काचेची खिडकी असते, त्यात पातळी डोळ्यांनाच दिसते. हे पाहताना जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही याची खात्री करावी आणि अग्निशामक नळकांडे गाडीत नव्हे, हातात असावे.

ठिणगी तपासायची झाल्यास एअर फिल्टरचे झाकण आधी परत लावावे, एका सुट्या प्लगला वायर जोडून त्याचे अंग कार्ब्युरेटरपासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवावे आणि दुसऱ्या माणसाने स्टार्टर मारावा. निळी, कडक ठिणगी पडत असेल तर कॉइल आणि पॉइंट त्या दिवसापुरते निर्दोष धरावेत. तापल्यावर दगा देणारी कॉइल आणि कंडेन्सर ही गोष्ट खरी आहे आणि तिची लक्षणेही अशीच असतात. फरक एवढाच की विजेचा दोष बहुतेक वेळा बटण दाबल्यासारखा एकदम इंजिन बंद करतो, तर पेट्रोल तुटलेली गाडी आधी वरच्या वेगात दम सोडते, मग झटके देते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर काही क्षण पुन्हा सावरते. चालवणाऱ्याला विचारावे. त्याच्या पायाला हे कळलेले असते, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

आमच्याकडे चिळकांडी उडत नव्हती. म्हणजे आम्ही ज्या कॉइलवर आणि पॉइंटवर पैसे घातले, त्यांचा काही संबंधच नव्हता, हे तीन मिनिटांत आणि फुकटात कळले असते.

टाकीचे झाकण

मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, अंबडकडे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक वयस्कर उस्ताद सहज माळावर आले होते. गाडी नेहमीप्रमाणे पाचव्या फेरीला थांबली, माझा भाचा पान्हे घेऊन धावला, तेव्हा उस्ताद बाभळीच्या सावलीतूनच म्हणाले, "पान्ह्याला नंतर हात लाव रे. आधी टाकीचं झाकण ढिलं कर, अन् कान दे." भाच्याने झाकण अर्धा आटा फिरवले आणि बारीक फुस्स असा आवाज आला. उस्तादांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. त्यांनी झाकण पुन्हा आवळायला लावले, कॅरीबॅगचा बोटभर तुकडा फाडून दिला आणि तो फटीशी धरून झाकण परत ढिले करायला सांगितले. तुकडा फटीला जाऊन चिकटला. "मामा, हवा बाहेर येत नाही, आत चाललीय," भाचा म्हणाला. झाकण उघडे ठेवून स्टार्टर मारला, तर दुसऱ्या मिनिटाला इंजिन चालू झाले.

हा कॅरीबॅगचा तुकडा फार महत्त्वाचा आहे, कारण नुसत्या आवाजावरून दिशा कळत नाही. उन्हात तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर आली तरी तसाच आवाज येतो आणि त्याचा अर्थ अगदी उलट असतो. हवा बाहेर येत असेल तर टाकी तापली आहे एवढेच समजावे. हवा आत जात असेल तर टाकीला श्वास घ्यायला वाट नाही. पेट्रोल जेवढे निघाले तेवढी हवा आत आलेली नाही, आणि पंप आता पोकळीशी कुस्ती खेळत आहे.

आमची टाकी घरी केलेली, दहा लिटरची, स्टेनलेस स्टीलची. झाकणाला आम्ही एक मिलिमीटरचे छिद्र पाडून व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याची वाट, केला होता आणि या काटकसरीचा आम्हाला अभिमानही होता. माळाच्या वाटेवर काळ्या मातीची शेते आहेत. तिची पिठासारखी धूळ पेट्रोलच्या ओलाव्याने त्या छिद्रात चिकटून बूच बसावे तशी बसली होती. दाभणाने ती काढावी लागली.

येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. हे इंजिन जोर लावून पळताना तासाला साधारण दहा-अकरा लिटर पेट्रोल पिते, म्हणजे आमच्या पाच फेऱ्यांत सुमारे एक लिटर. टाकी जवळपास भरलेली असेल आणि वर हवेला दोनच लिटर जागा असेल, तर एक लिटर पेट्रोल निघताच त्या दोन लिटर हवेला तीन लिटर जागा व्यापावी लागते आणि टाकीतला दाब जवळपास एक तृतीयांशाने उतरू पाहतो. पेट्रोलची वाफ त्यातली काही पोकळी भरून काढते, पण सगळी नाही. टाकी अर्धी असेल तर तेवढ्याच पेट्रोलने दाब सहाव्या हिश्श्यानेच उतरतो. म्हणून व्हेंट बंद असल्याचा दोष भरलेल्या टाकीत लवकर आणि अर्ध्या टाकीत उशिरा दिसतो. टाकीतल्या गंजाची खपली नळीच्या तोंडाशी ओढली जाऊन अडकत असेल, तर तीही गाडी बंद पडल्यावर सुटून खाली बसते आणि लक्षण तेच दिसते. पण ती गरमीची वाट पाहत नाही आणि पेट्रोल कमी असताना जास्त त्रास देते. फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या वळणावर दम तुटत असेल, तर पेट्रोल टाकीत एका बाजूला सरकते आहे आणि नळीचे तोंड उघडे पडते आहे. त्याला आत आडवी पाती हवीत.

जुनी टाकी उघडून वेल्डिंग करण्याचा मोह कोणालाही होतो. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी वाफेने भरलेली असते आणि तिला वेल्डिंगची ठिणगी लागली तर माणूस जातो. नवा पत्रा घेऊन नवी टाकी करावी, किंवा दुसऱ्या गाडीची धड टाकी आणावी.

अर्धा दोष गेला, अर्धा उरला

छिद्र मोकळे केल्यावर गाडी पाच ऐवजी नऊ फेऱ्या पळाली आणि पुन्हा तशीच बंद पडली. या वेळी कॅरीबॅगचा तुकडा हललासुद्धा नाही. येथे बहुतेक जण निराश होऊन कार्ब्युरेटर खोलतात. पण पाचाच्या नऊ फेऱ्या होणे याचा अर्थ दोष चुकीच्या जागी शोधला असा नसून, दोष एकटा नाही असा आहे. हा आजार पुन्हा पुन्हा उलटतो तो यामुळेच: दोन-तीन अर्धवट दोष एकमेकांच्या आधाराने उभे असतात, त्यांतला एखादा काढला की थंड वेळेत गाडी बरी वाटते आणि भर उन्हात उरलेले पुन्हा जमतात.

मारुतीचा मूळ एसी पंप इंजिनावर बसतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढणे म्हणजे नळीत हवेच्या दाबापेक्षा कमी दाब निर्माण करणे. आणि दाब कमी झाला की कोणताही द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असल्याने त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आतबाहेरच वाफ धरू लागतात. टाकी मागे, पंप पुढे, मधली नळी उन्हाने तापलेल्या पत्र्यावरून आणि सायलेन्सरच्या पाइपाशेजारून गेलेली, त्यात टाकीचा श्वास अर्धा कोंडलेला. मग नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा वाफेला दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो, पुढे मात्र थेंब जात नाही. आमची नळी एका जागी सायलेन्सरच्या पाइपापासून जेमतेम दोन बोटांवर होती. सायलेन्सर आखूड करून बाजूने काढताना तो नळीजवळ आला आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. आमच्या पंपाला तीन तोंडे होती: एक पेट्रोल येण्याचे, एक कार्ब्युरेटरकडे जाण्याचे आणि तिसरे जादा पेट्रोल टाकीकडे परत पाठवण्याचे. नवी टाकी करताना त्या परतीच्या नळीला जागा ठेवायची राहिली, म्हणून आम्ही तिसऱ्या तोंडावर रबराचा तुकडा चढवून त्यात बोल्ट ठोकला. परतीच्या वाटेने तापलेले पेट्रोल आणि वाफ सतत टाकीकडे जात राहते आणि पंपात ताजे, थंड पेट्रोल येत राहते. आम्ही तो बोल्ट ठोकून वाफेला कोंडले होते. जुन्या गाडीवरचा एखादा भाग "कशाला हवा" असे वाटून काढण्यापूर्वी तो बसवणारा मूर्ख नव्हता एवढे गृहीत धरावे.

संशय पंपावर आहे की नळीवर, हे ठरवण्यासाठी बंद पडताच ओले फडके प्रथम फक्त पंपावर टाकावे, पुढच्या वेळी फक्त नळीच्या तापलेल्या भागावर. ज्या वेळी गाडी दोन-तीन मिनिटांत चालू होईल ती जागा खरी. ओले फडके ही चाचणी आहे, उपाय नव्हे. पंपाला गोणपाट गुंडाळून शर्यतीत उतरणारे मी पाहिले आहेत आणि सहाव्या फेरीला त्यांना ढकलून आणायलाही गेलो आहे. तापमान मोजायचे असेल तर कारखान्यातली इन्फ्रारेड बंदूक मागून आणावी. कोरोनाच्या काळात घरोघरी घेतलेली कपाळाची बंदूक साधारण त्रेचाळीस अंशांपुढे आकडा दाखवतच नाही. आमची नळी सायलेन्सरजवळ एकाहत्तर अंश होती.

ई-२० चा भाग

२०२५ पासून पेट्रोल पंपावर मिळणारे साधे पेट्रोल बहुतांशी ई-२० आहे, म्हणजे त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. मराठवाड्याच्या उसाची मळी फिरून शेवटी आपल्याच कार्ब्युरेटरमध्ये येते, असेही म्हणता येईल. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते, परंतु पेट्रोलच्या हलक्या घटकांशी त्याचे मिश्रण त्या दोघांहूनही खालच्या तापमानाला वाफ धरते. परिणामी सत्तर अंशांच्या आत वाफ होणाऱ्या पेट्रोलचा वाटा वाढतो. पूर्वी उन्हाळा कसाबसा काढणारी नळीची मांडणी आता तोच उन्हाळा काढत नाही, त्यामागे हेही कारण असू शकते.

दुसरा परिणाम मिश्रणाच्या प्रमाणाचा. साध्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेरा पटींच्या आसपास. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र, हे जाणत नाही. ते पूर्वीइतकेच पेट्रोल सोडते आणि मिश्रण आठेक टक्क्यांनी पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पातळ मिश्रणावर जोर लावला की इंजिन अधिक तापते आणि बॉनेटखालची गरमी वाढते. उपाय म्हणून मुख्य जेटच्या छिद्राचा व्यास सुमारे चार टक्क्यांनी मोठा हवा, म्हणजे शंभर नंबरच्या जागी एकशे चार किंवा एकशे पाच. जेट सुईने कोरून मोठे करू नये. किती मोठे झाले ते कळत नाही आणि परतीची वाट राहत नाही.

हातात आलेल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरी पाहता येते. शंभर मिलिलिटरच्या मोजनळीत दहा मिलिलिटर पाणी आणि नव्वद मिलिलिटर पेट्रोल घ्यावे, तोंड बंद करून हलवावे आणि स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. तो अठ्ठावीसच्या रेघेपाशी आला तर पेट्रोल ई-२० आहे.

जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही. त्या आतून फुगतात, मऊ पडतात आणि ओढीच्या बाजूला चपट्या होऊन वाट अडवतात. बाहेरून त्या धडधाकट दिसतात. एसएई जे-३० आर-९ अशी छपाई असलेली नळी घ्यावी. मीटरमागे जास्त पैसे पडतात, पण येथे काटकसर नको.

आम्ही काय केले आणि काय शेवटी करावे

सर्वांत आधी व्हेंट. टाकीच्या माथ्यावरून सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी काढली, ती टाकीच्या वर एक वळसा देऊन बाहेर आणि खाली नेली, मध्ये गाडी उलटल्यास बंद होणारा गोळीचा व्हॉल्व्ह बसवला आणि टोकाला मोटारसायकलचा छोटा पेट्रोल फिल्टर लावला, म्हणजे धूळ आत जात नाही. मग नळी सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने वळवली आणि जेथे दोन्ही जवळ येतातच तेथे पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा आडवा लावला. पत्रा नळीला किंवा सायलेन्सरला चिकटवून बसवला तर तो तवा होतो. दोन्ही बाजूंना बोटभर हवा खेळली पाहिजे. त्यानंतर परतीची नळी पुन्हा चालू केली आणि तिच्यात दीड मिलिमीटर छिद्राचा तुकडा बसवला, नाही तर सगळे पेट्रोल परतच जाते. तिन्ही कामे मिळून पाचशे रुपयांच्या आत झाली आणि ती एकेक करून, दर वेळी दुपारी दोन वाजता, भरलेल्या टाकीने तपासली.

टाकीजवळ खाली बसणारा विजेचा पंप हा उपाय चांगला आहे, कारण तो ओढण्याऐवजी ढकलतो आणि दाबाखालचे पेट्रोल लवकर उकळत नाही. तरीही तो शेवटी करावा. आधी केला तर इतर दोष झाकले जातात. कार्ब्युरेटरला दोन ते साडेतीन पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) दाब पुरतो. भंगारात स्वस्त मिळतो म्हणून इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर त्याचा चाळीसच्या घरातला दाब फ्लोटच्या सुईला उचलतो आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडते. शिवाय अपघातात इंजिन थांबले तरी विजेचा पंप ढकलतच राहतो, म्हणून त्याची वायर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून आणि सगळी वीज एकदम तोडणाऱ्या मुख्य कट-ऑफमधून गेलीच पाहिजे. टाकी आणि चालक यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत असावी, हे वेगळे सांगायला नको.

रेडिएटरकडेही एक नजर टाकावी. आमचा पंखा उलट जोडला गेल्याने हवा पुढे फेकत होता, आणि जाळीत गव्हाचा भुसा बसला होता. कागदाचा एक तुकडा जाळीसमोर धरून पंखा तो ओढतो की ढकलतो हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

पावसाळ्यात माळ चिखलाचा होतो आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहते. ई-२० हवेतला ओलावा धरते आणि पाणी फार झाले की इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते. नळीचे तोंड नेमके तेथेच असते. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामी करावीत, काढलेले पेट्रोल फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवावे आणि तळाशी वेगळी रेघ दिसली नाही तर मोटारसायकलमध्ये वापरून टाकावे.